गाठीची भूक आणि बाईचे भवितव्य

(भिंगार येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या अभ्यासवर्गाचा विषय वाचून काही जणांना नवल वाटले असेल. महागाई, उसाचा दर, विडी कामगारांची मजुरी हे विषय समोर असताना अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माणसाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर, त्यातही जनुकांवर का बोलावे? माझे उत्तर सरळ आहे. गेल्या दहाएक वर्षांत वैद्यकीय नियतकालिकांतून एका विशिष्ट प्रकारचे निबंध मोठ्या संख्येने प्रसिद्ध झाले आहेत. गाठीतील चयापचयाशी संबंधित जनुके किती जोराने काम करीत आहेत हे मोजून त्या रुग्ण स्त्रीचे पुढे काय होणार, ती पाच वर्षे जगणार की नाही, याचे भाकीत करता येते असा त्यांचा दावा आहे. भाकीत हा आम्हा अर्थशास्त्र्यांचा जुना धंदा आहे. पाऊस, पीक, भाव, मंदी यांची भाकिते आम्ही आयुष्यभर केली आणि ती बहुधा कशी फसतात तेही पाहिले. म्हणून या दाव्याकडे डॉक्टरांच्या नजरेने नव्हे, तर आकडे तपासणाऱ्याच्या नजरेने पाहण्याचा मला थोडाफार अधिकार आहे असे मी समजतो.

प्रथम रोगाचे स्वरूप थोडक्यात सांगतो. गर्भाशयाच्या तोंडाशी होणारा हा कर्करोग जवळजवळ सर्वच रुग्णांत ह्युमन पॅपिलोमा नावाच्या विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून उद्भवतो. हा संबंध दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. संसर्ग अनेक स्त्रियांना होतो आणि बहुतेकींच्या शरीरातून तो आपोआप नाहीसाही होतो. थोड्या स्त्रियांत तो टिकतो, पेशींत हळूहळू बदल घडवतो, आणि या बदलांचा कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षे जातात. हा अवधी लक्षात ठेवा. ज्या रोगाला येण्यास इतकी वर्षे लागतात त्याने माणूस मरणे हा केवळ जीवशास्त्राचा प्रश्न राहत नाही. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने झाला आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या.

आता चयापचयाकडे वळू. १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये ओटो वारबुर्ग या शास्त्रज्ञाला असे आढळले की कर्करोगाच्या पेशी साखर विलक्षण वेगाने खातात. शिवाय प्राणवायू उपलब्ध असतानाही ती पूर्णपणे न जाळता तिचे लॅक्टिक आम्ल करून टाकतात. घरात कोरडी लाकडे असताना ओली जाळून धूर करावा असला हा प्रकार. वारबुर्ग यांना १९३१ साली नोबेल मिळाले ते पेशींच्या श्वसनाविषयीच्या कामासाठी. कर्करोगाच्या मुळाशी श्वसनाचा बिघाडच आहे, हे त्यांचे स्पष्टीकरण पुढे टिकले नाही, पण निरीक्षण टिकले. वाढत्या पेशीला केवळ ऊर्जा नको असते, नवी पेशी बांधण्यासाठी कच्चा मालही हवा असतो, आणि साखर अर्धवट मोडली की तो मिळतो, असे आज मानले जाते. आपल्या रोगात तर विषाणू स्वतःच या कामात हात घालतो. त्याची ई-६ आणि ई-७ ही दोन प्रथिने पेशीच्या वाढीला आवर घालणारी यंत्रणा निकामी करतात, आणि त्यांतील ई-७ हे साखर मोडणाऱ्या एका विकराला जाऊन चिकटते.

या भुकेचा आणि रुग्णाच्या भवितव्याचा संबंध असतो, हे नुसते अनुमान नाही. जर्मनीतील माइन्झ येथील संशोधकांनी २००० साली दाखवून दिले की ज्या स्त्रियांच्या गाठींत लॅक्टिक आम्ल अधिक सापडले त्यांच्यात रोग पसरण्याचे आणि उलटण्याचे प्रमाण अधिक होते व त्या कमी काळ जगल्या. त्याच शहरात त्यापूर्वी गाठीत सूक्ष्म सुई घालून प्राणवायू मोजण्यात आला होता. ज्या गाठींत तो कमी त्यांचा शेवट वाईट, असा निष्कर्ष निघाला होता. पुढे किरणोत्सर्गी खूण लावलेली साखर शरीरात सोडून ती कोठे साठते याचे चित्र घेणारे पेट यंत्र आले, आणि २००७ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथील डॉक्टरांनी या रोगात गाठ किती साखर ओढते त्यावरून पुढच्या परिणामांचा अंदाज बांधता येतो असे मांडले. जनुकांवरचे निबंध ही याच वाटेवरची पुढची पायरी आहे. गाठीचा तुकडा घ्यायचा, त्यात साखर आत आणणारी, मोडणारी, चरबी बांधणारी, अमिनो आम्ले हाताळणारी कोणती जनुके किती चालू आहेत ते मोजायचे आणि त्यांचा हिशेब मांडायचा. येथे एक गैरसमज होऊ देऊ नका. ही आईकडून मुलीकडे येणाऱ्या वारशाची गोष्ट नव्हे. गाठीतील जनुकांच्या हालचालीची ही नोंद आहे. कर्करोग ‘घराण्यात आहे’ म्हणून मुलीचे लग्न मोडणाऱ्यांना या संशोधनात कसलाही आधार मिळत नाही.

तेव्हा मूळ कल्पना खरी आहे. तपासायला हवी ती हिशेबाची रीत.

माणसाच्या शरीरात प्रथिने घडवणारी सुमारे वीस हजार जनुके आहेत, त्यांपैकी चयापचयाशी संबंधित म्हणून काही शे ते काही हजार निवडली जातात. स्त्रियांची संख्या मात्र साधारण तीनशे. कारण बहुतेक निबंधांचा आधार अमेरिकी सरकारच्या पैशाने २००६ पासून उभारलेला एकच सार्वजनिक संग्रह आहे. त्यातील गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरचा मुख्य निबंध २०१७ साली प्रसिद्ध झाला तो २२८ गाठींच्या अभ्यासावर. संग्रह सर्वांना खुला आहे ही चांगलीच गोष्ट. पण आता जनुके हजार आणि माणसे तीनशे ही स्थिती पाहा. आमच्या विषयात एखाद्या विद्यार्थ्याने तीस वर्षांच्या आकड्यांत शंभर कारणे कोंबून महागाईचे समीकरण मांडले असते, तर मार्गदर्शकाने ते परत केले असते. कारणे पुरेशी घेतली की भूतकाळाचे कोणतेही चित्र हुबेहूब जुळवता येते. यावर उपाय म्हणून सांख्यिकीत चाळण्या आहेत. रॉबर्ट टिबशिरानी यांनी १९९६ साली मांडलेली ‘लॅसो’ ही चाळणी या निबंधांत हमखास भेटते. तिने हजारातून दहा-बारा जनुके उरतात. मग डेव्हिड कॉक्स यांच्या १९७२ सालच्या पद्धतीने प्रत्येक जनुकाला वजन देतात आणि बेरीज करून प्रत्येक स्त्रीचा जोखीम-गुणांक काढतात. त्यानंतर बहुधा मध्यकावर रेघ मारतात. रेघेवरच्या स्त्रिया ‘अधिक जोखमीच्या’, खालच्या ‘कमी जोखमीच्या’. मध्यकावर रेघ मारली की निम्म्या स्त्रिया जोखमीच्या ठरणारच, रोग कसाही असो. शेवटी दोन वक्ररेषा काढतात, त्या एकमेकींपासून दूर जाताना दिसतात, आणि निबंध पूर्ण होतो.

या पद्धती चुकीच्या आहेत असे मी म्हणत नाही, त्या मी स्वतः शिकवल्या आहेत. अडचण अशी की ज्या स्त्रियांवरून समीकरण बसवले त्यांच्यावरच, किंवा त्याच संग्रहाच्या दुसऱ्या तुकड्यावर, ते तपासले जाते. ज्या प्रश्नांचा सराव करून घेतला तेच परीक्षेत विचारले तर शाळेचा निकाल शंभर टक्के लागतो. त्यामुळेच दर निबंधातील जनुकांची यादी निराळी असते आणि प्रत्येक यादी भाकीत करते. २०११ साली बेल्जियममधील व्हेने, द्युमाँ आणि देतूर या तिघांनी स्तनाच्या कर्करोगाबाबत एक बोचरा प्रयोग केला. त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटेल ती जनुके उचलून याद्या तयार केल्या. अशा बिनबुडाच्या याद्यांपैकी बहुसंख्य याद्याही रुग्णांचे भवितव्य ‘सांगत’ होत्या! कारण गाठ वेगाने वाढत असली की हजारो जनुके एकदमच उचल खातात. कोणतेही मूठभर घेतले तरी त्यात वाढीचा वेग डोकावतो. बाजार तेजीत असला की कोणत्याही दहा कंपन्यांचे भाव पाहून तेजी ओळखता येते, तसेच हे. त्या दहा कंपन्यांनी तेजी आणली असे मात्र कोणी समजू नये.

यापुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. हा गुणांक कोणापेक्षा सरस ठरायला हवा? त्याचा प्रतिस्पर्धी फार जुना आणि फार स्वस्त आहे. त्याचे नाव रोगाची अवस्था. गाठ गर्भाशयमुखापुरती आहे, बाजूला सरकली आहे, ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पोचली आहे की त्याबाहेर गेली आहे, हे अनुभवी डॉक्टर मुख्यतः हाताने तपासून आणि प्रकाशात पाहून ठरवीत आले आहेत. पहिल्या अवस्थेत आलेल्या बहुसंख्य स्त्रिया बऱ्या होतात, चौथ्या अवस्थेत आलेल्यांपैकी फार थोड्या वाचतात. आणि एखादी बाई कोणत्या अवस्थेत येते हे तिच्या साखर खाणाऱ्या जनुकांपेक्षा तिच्या गावाला जाणारी एस.टी., तिची बुडणारी मजुरी, घरातल्यांची संमती आणि ‘अंगावरून जाते’ हे सांगण्याची लाज यांवर अधिक अवलंबून असते.

चयापचयाचीच भाषा वापरायची तर अगदी साधे उदाहरण घ्या. गाठीत प्राणवायू कमी असला की किरणोपचाराचा परिणाम कमी होतो, ही गोष्ट १९५०च्या दशकापासून ज्ञात आहे. गाठीपर्यंत प्राणवायू नेते ते रक्त. आणि २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. रक्तक्षय असलेल्या रुग्णांचे या रोगात परिणाम वाईट असतात असे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. रक्त चढवल्याने ते कितपत सुधारतात यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत, तेव्हा मी घाईने कार्यकारणभाव जोडणार नाही. पण गाठीतील प्राणवायूचा शोध जनुकांच्या यादीत घेणाऱ्याने हिमोग्लोबिनचा साधा कागद आधी पाहावा, एवढे म्हणण्यास हरकत नसावी. ज्या बाईचा स्वतःचा चयापचय अर्ध्या भाकरीवर चालला आहे तिच्या गाठीच्या चयापचयाचा अभ्यास वेगळा काढता येत नाही.

उपचारांचेही तेच. पुढच्या अवस्थेत बाहेरून किरण, दर आठवड्याला सिस्प्लॅटिन नावाचे औषध आणि नंतर आतून किरण, असा सारा उपचार साधारण आठ आठवड्यांत पुरा व्हावा लागतो. तो लांबला की यश घटते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. श्याम श्रीवास्तव आणि सहकाऱ्यांनी ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत रोग पोचलेल्या ८५० स्त्रियांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. नुसत्या किरणोपचाराने पाच वर्षांनंतर ४६ टक्के स्त्रिया जिवंत होत्या, सिस्प्लॅटिनची जोड दिल्यावर ५४ टक्के. शंभरात आठ जीव, आणि तेही १९७८ पासून वापरात असलेल्या जुन्या, स्वस्त औषधाने. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेतून रुग्णालयाचे बिल भागते असे धरून चालू. पण आठ आठवडे परगावी राहण्याचे, सोबत एक माणूस ठेवण्याचे आणि दोघांच्या बुडालेल्या मजुरीचे बिल कोण भरतो? पाचव्या आठवड्यात घरी निघून गेलेल्या बाईचा जोखीम-गुणांक कोणत्याही जनुकात लिहिलेला नसतो.

आता मी या विषयाच्या गाभ्याकडे येतो, आणि त्यासाठी अमेरिकेला जाण्याची गरज नाही. येथून जामखेडच्या रस्त्याने निघून खर्ड्याच्या पुढे गेलो की भूम, परांडा आणि बार्शी हा मुलूख लागतो. बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे, आणि १९८७ पासून तेथे बार्शी, परांडा व भूम या तीन तालुक्यांसाठी कर्करोगाची नोंदणी चालते. देशातील ग्रामीण भागाची ही पहिली नोंदणी. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरत, बायकांशी बोलत, कोणत्या लक्षणांची दखल घ्यावी ते सांगत. परिणाम असा झाला की काही वर्षांत तेथील स्त्रिया आधीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या. १९९५ साली हे आंतरराष्ट्रीय नियतकालिकात नोंदवले गेले. यंत्र नाही, औषध नाही, केवळ बोलणे! आकडे गोळा करणाऱ्याने आकड्यांतच बदल घडवून आणला, असे उदाहरण आमच्या शास्त्रात क्वचितच मिळते.

त्याच भूमीवर, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ साली एक मोठा प्रयोग सुरू झाला. डॉ. शंकरनारायणन, बार्शीचे डॉ. नेने आणि टाटा रुग्णालयातील मंडळी यांनी ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांचे, ५२ ग्रामसमूहांत विभागून, चार गट केले. एका गटाची विषाणूसाठी तपासणी, दुसऱ्याची सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची तपासणी, तिसऱ्याची व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्या गटाची तपासणी नाही. २००९ साली निष्कर्ष आले. विषाणूची तपासणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ या रोगाने दगावल्या, तपासणी न झालेल्या ३१,४८८ पैकी ६४. म्हणजे सुमारे आठ वर्षांत हजारी दोनऐवजी हजारी एक मृत्यू, आणि तोही आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने. बाकीच्या दोन पद्धतींनी त्या काळात लक्षणीय फरक पडला नाही. मात्र मुंबईच्या झोपडपट्ट्यांत डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या प्रयोगात दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या केल्यावर साध्या आम्ल-पाहणीनेही मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. ती पाहणी डॉक्टरांनी नव्हे, तर शालेय शिक्षण झालेल्या, खास प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी केली होती. ज्यांना याचे आश्चर्य वाटते त्यांनी आपल्याच जिल्ह्यातील जामखेड आठवावे. रजनीकांत आणि मेबल आरोळे या दांपत्याने १९७० पासून तेथे निरक्षर ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेविका बनवून दाखवले, आणि १९७९ साली त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळाले.

पण हिशेबाची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. या दोन प्रयोगांत आणि तमिळनाडूतील तिसऱ्यात मिळून सुमारे १ लाख ३८ हजार स्त्रिया ‘तपासणी नाही’ या गटात होत्या. त्यांच्यापैकी किमान २५४ या रोगाने मरण पावल्या, अशी मोजदाद टीकाकारांनी २०१४ साली मांडली. पैसा एका ठिकाणी अमेरिकी सरकारच्या संस्थेचा होता, दुसऱ्या ठिकाणी गेट्स प्रतिष्ठानचा. मुंबईतील प्रयोगात स्त्रियांची संमती घेताना त्यांना पुरेशी माहिती दिली गेली नव्हती, असा ठपका अमेरिकी सरकारच्याच देखरेख कार्यालयाने ठेवला. संशोधकांचे उत्तर असे की देशात तपासणीची व्यवस्थाच नव्हती, म्हणून तुलनेच्या गटाला ‘नेहमीची सेवा’ मिळाली. हे उत्तर मी अप्रामाणिक म्हणणार नाही, कारण वस्तुस्थिती तीच होती. परंतु नेहमीची सेवा म्हणजे शून्य, आणि त्या शून्याशी तुलना करून मिळालेले ज्ञान जगाच्या कामी आले. त्या स्त्रियांचे त्यात काय? प्रयोगात धोका पत्करणाऱ्याला फळात वाटा मिळाला पाहिजे, हे भांडवलदारही आपल्या भागधारकाबाबत मान्य करतो.

त्यांना वाटा किती मिळाला ते पाहा. २००९ आणि २०१४ चे निष्कर्ष हाती आल्यावर २०१६ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तीस वर्षांवरील स्त्रियांची दर पाच वर्षांनी आम्ल-पाहणी करावी असे मार्गदर्शन जारी केले. त्यानंतर झालेल्या ज्या पाहणीचा मी मघाशी उल्लेख केला, तिच्यात ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्यांचे प्रमाण आढळले १.९ टक्के. शंभरात दोनही नाहीत. लसीबाबतही असाच अनुभव आहे. २०१० साली आंध्र प्रदेश व गुजरातमधील एका प्रकल्पातील मुलींच्या मृत्यूंवरून गदारोळ झाला, सरकारने लसीकरण थांबवले, आणि बार्शी व पुणे यांसह नऊ ठिकाणी चाललेल्या एका निराळ्या अभ्यासातील हजारो मुलींना दोन किंवा तीनऐवजी एकच मात्रा मिळाली. त्या मुलींचा पुढे दहा वर्षे पाठपुरावा झाला आणि एक मात्राही जवळजवळ तितकेच संरक्षण देते हे २०२१ साली सिद्ध झाले. २०२२ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेला मान्यता दिली ती अशा पुराव्यांवर. जगातील गरीब देशांचा लशीवरचा खर्च कमी झाला तो आपल्या मुलींमुळे.

भाकिताला बाजारात काय किंमत येते, हे दाखवणारे एक उदाहरण आपल्या शेजारीच घडले आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड येथून आणि बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडणी कामगार कारखान्यांवर जातात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि एक दिवस खाडा झाला की त्याची कपात. अशा स्त्रीला पाळीचा त्रास झाला, अंगावरून पांढरे जाऊ लागले, की खाजगी दवाखान्यातून सांगितले जाई, ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.’ २०१९ साली हे प्रकरण गाजले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. सहा बायकांत एकीहून अधिक! तेथे जनुक नव्हते, गुणांक नव्हता, साधी आम्ल-पाहणीही बहुधा नव्हती. होते ते एक भाकीत, पांढऱ्या कोटाच्या अधिकाराने उच्चारलेले. केनेथ ॲरो यांनी १९६३ साली एका प्रसिद्ध निबंधात दाखवले की वैद्यकाचा बाजार इतर बाजारांसारखा नसतो. विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला ठाऊक नसते, आणि घेणाऱ्याला ते पारखताही येत नाही. बीडच्या बाईला खरी तपासणी मिळाली असती तर तिच्यापैकी बहुतेकींना ‘तुला काही झालेले नाही’ असे उत्तर मिळाले असते. त्या उत्तरातून कोणालाही पैसा मिळत नाही, म्हणून ते उत्तर खाजगी बाजारात पिकत नाही.

जोखीम-गुणांकाची खाजगी प्रयोगशाळांतून विक्री सुरू झाली तर काय होईल याचा विचार यावरून करावा. अधिक जोखमीची म्हणून एखादीला महाग, अनावश्यक उपचार घ्यायला लावणे किंवा उपचाराचा उपयोग नाही म्हणून घरी पाठवणे, दोन्ही शक्य आहे. साधने अपुरी असतील तेथे ‘हिचे पाच वर्षांत काही खरे नाही’ हा कागद रांगेतून नाव काढण्यास पुरेसा ठरेल. भाकीत आणि नियोजन यांत हाच फरक आहे. भाकीत सांगते काय होईल, नियोजन विचारते काय होऊ द्यायचे नाही.

म्हणून जनुकांचे संशोधन थांबवा, असली मागणी आपण करू नये. विज्ञानविरोध ही आपली परंपरा नाही, आणि गाठीची भूक समजली तर उद्या तिच्यावर औषधही सापडेल. किरणांना कोणती गाठ दाद देणार नाही हे आधी कळले तर एखाद्या बाईचे आठ आठवडे आणि हाल वाचतील. आपली मागणी अशी असावी की हे गुणांक आपल्या स्त्रियांवर तपासल्याशिवाय वापरात येऊ नयेत. बार्शीची नोंदणी आहे, टाटा रुग्णालयात हजारो स्त्रियांच्या उपचारांच्या नोंदी आहेत. ही तपासणी सार्वजनिक पैशाने व्हावी, तिचे निष्कर्ष खुले असावेत, आणि गुणांकाची तुलना रोगाची अवस्था, हिमोग्लोबिन व उपचार पुरा झाला की नाही या तीन साध्या गोष्टींशी व्हावी. त्यांच्यापेक्षा तो काही अधिक सांगत असेल तर त्याचे स्वागत करू. सांगत नसेल तर त्यावर होणारा खर्च विषाणू-तपासणीकडे वळवावा.

राहिले भिंगारचे काम. येथे आणि नगर शहरात विड्या वळणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, बांधकामावर जाणाऱ्या स्त्रियांत आपले कार्यकर्ते वावरतात. त्यांनी पहिली गोष्ट करावी ती यादीची. आपल्या वस्तीत ३० ते ६५ वयाच्या स्त्रिया किती, आणि त्यांपैकी कितीजणींची ही तपासणी कधी झाली. वय आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच लिहावे. अधिक खोलात शिरू नये, ती बाईची खाजगी बाब आहे. हे काम स्त्री-कार्यकर्त्यांनीच करावे. आम्ल-पाहणीला काही मिनिटे लागतात, आणि विषाणूच्या तपासणीसाठी नमुना बाईला आडोशाला जाऊन स्वतःही घेता येतो, हे त्यांनी सांगावे, कारण निम्मी भीती तपासणीच्या टेबलाची असते. विषाणू सापडला म्हणजे कर्करोग झाला नाही, हे दहा वेळा सांगावे लागेल. आणि विषाणूवरून कोणाच्या चारित्र्याविषयी कुजबुज होऊ लागली तर ती तेथल्या तेथे थांबवावी. हा संसर्ग विवाहित संसारी स्त्रियांत सर्रास आढळतो, आणि तो बहुधा घरातूनच आलेला असतो.

ही यादी घेऊन जिल्हा शल्यचिकित्सकांकडे आणि छावणी परिषदेकडे जायचे आहे. आपले म्हणणे तीन ओळींचे आहे. तपासणी आठवड्यातील ठरलेल्या दिवशी, संध्याकाळी, म्हणजे मजुरी न बुडवता व्हावी. दोष आढळलेल्या बाईला शक्यतो त्याच दिवशी, त्याच ठिकाणी उपचार मिळावा, कारण ‘पुढच्या महिन्यात या’ म्हटलेल्या बायकांपैकी किती परत येतात हे आपण सारे जाणतो. आणि कर्करोगच निघाला तर आठ आठवड्यांचा उपचार पुरा होईपर्यंत बाई व तिच्या सोबतीच्या राहण्याची, प्रवासाची सोय आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळावी. निवेदनाचा मसुदा तयार आहे. चहानंतर तो वाचून दाखवला जाईल, दुरुस्त्या तेव्हा सुचवाव्यात.